दोघांमागे एक उंट

जीप वाळूच्या टेकाडाच्या अगदी माथ्यावर जाऊन थांबली. पुढे काहीच दिसत नव्हतं, नुसतं आभाळ. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "तैयार?" आणि कुणी काही बोलायच्या आत गाडी नाकावर खाली सोडून दिली.

"अरे बाप्पा! मेलो रे मी! थांबव ना गा भाऊ!"

ओरडणारा नगमाच्या शेजारीच उभा होता. चांगला उंचापुरा गडी. दोन्ही हातांनी लोखंडी दांडा धरलेला, डोळे गच्च मिटलेले. नगमाला पडायची भीती वाटायला हवी होती. पण तिला हसू आवरेना. घरापासून हजारभर किलोमीटर लांब, जैसलमेरच्या वाळवंटात, कुणीतरी चक्क वऱ्हाडीत मरत होतं!

"कुठचे तुम्ही?" तिने विचारलं.

"अकोला." डोळे अजून बंदच. "अन् तुमी?"

"अमरावती. उघडा आता डोळे, गाडी थांबली."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि ते दोन्ही डोळे तिच्यावर थांबले — जरा जास्तच वेळ थांबले. मग त्याच्या लक्षात आलं की दांडा समजून आपण तिच्या ओढणीचं टोकही मुठीत धरलंय, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

एका जीपमध्ये सहा जणांची सोय, म्हणून कॅम्पवाल्यांनी दोन घरं एकत्र बसवली होती. एक घर नगमाचं, म्हणजे ती आणि अब्बा. अब्बांचा, म्हणजे अय्युबभाईंचा, वरूडला संत्र्यांचा व्यापार. यंदाचा माल चांगल्या भावाने गेला, तेव्हा लेकीला लहानपणी कबूल केलेलं वाळवंट दाखवायला ते निघाले. अम्मीचे गुडघे दुखत होते, ती अमरावतीलाच राहिली. नगमा तिथल्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी शिकवायची.

दुसरं घर शाहनवाजचं. सोबत त्याची आई सईदा आणि मामाची मुलगी कहकशाँ. तो जनावरांचा डॉक्टर होता. नोकरी मेळघाटात, धारणीच्या दवाखान्यात.

हे त्याने उतरल्यावर सांगितलं. तेही उंटाकडे बघत.

"तुम्ही माझ्याशी बोलताय की त्याच्याशी?" नगमा म्हणाली.

"सवय नाही जी... माहे पेशंट बोलत नाहीत."

"मग दुखतं कुठे ते कसं कळतं?"

"पाहत बसा लागते. गाय असली तर कान पाहा, बैल असला तर पाय. थोडा वेळ शांत पाहिलं की समजते."

"आणि माणसाचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. थोडा वेळ, शांत. "माणसाचं... शिकून राहिलो," तो म्हणाला.

वाळू अजून कोमट होती. चपला हातात घेऊन दोघं टेकाडाच्या कडेने चालत गेली. उंटाचा तळवा वाळूत का रुतत नाही, हे तो तिला समजावून सांगत होता, आणि नगमा ते असं मन लावून ऐकत होती की जणू उद्या तिचीच त्या विषयाची परीक्षा होती. वाऱ्याने तिची ओढणी उडायची, ती सावरायची. तो बोलता बोलता थांबायचा... आणि मग कुठपर्यंत आलो होतो, हे तिलाच विचारायचा.

"शानूऽऽ!"

वरून हाक आली. कहकशाँ धावत खाली आली आणि सरळ त्याच्या केसांत हात घालून वाळू झटकू लागली. "काय अवतार केला रे! थांब, हलू नको!"

तो हलला नाही. मान खाली घालून निमूट उभा राहिला. नगमाला वाटलं, त्याने हलायला हवं होतं.

मग कहकशाँला थंडी वाजली, तर तिने न विचारता त्याचं जॅकेट ओढून अंगात घातलं. मग तिला फोटो हवे होते. उंटासोबत, उंटाशिवाय, उडी मारताना, ओंजळीतून वाळू सोडताना. शाहनवाज गुडघे टेकून फोटो काढत राहिला. सूर्य तिकडे लालबुंद होऊन बुडत होता, माणसं टाळ्या वाजवत होती. नगमा मात्र सूर्याकडे पाठ करून त्या दोघांकडे बघत होती.

'मामूची मुलगी.' दोनच शब्द, पण नगमासारख्या घरातल्या मुलीला ते पुरेसे होते. मामूची, फुफीची, खालाची मुलं एकत्र वाढतात आणि मग एक दिवस घरातल्या घरातच पेढे वाटले जातात. तिच्या दोन्ही चुलतबहिणींची लग्नं अशीच झाली होती. अशा गोष्टी कुणी मोठ्याने सांगत नाही आणि विचारतही नाही. लग्नाआधी मुलगा-मुलगी एकत्र फिरायला आलीत, सोबत मुलाची आई आहे. अजून काय हवं?

"मले काय त्याचं," ती स्वतःशीच म्हणाली. आणि दचकली. वर्गात ती पुस्तकी मराठी बोलायची. 'मले' तिच्या तोंडून फक्त संतापात निघत असे.

कॅम्पवर अंधार पडतानाच जेवणं लागली. मधोमध शेकोटी, भोवती गाद्या आणि बुटके पाट. नगमाने ठरवलं होतं, तिकडे बघायचं नाही. तिने बघितलं. कहकशाँ शाहनवाजच्या ताटातली बाटी उचलून खात होती, अर्धी खाऊन परत त्याच्याच ताटात ठेवत होती. आणि तो तीच उष्टी अर्धी बाटी खात होता!

"किती चांगली पोरगी आहे," शेजारून अब्बा कौतुकाने म्हणाले. "घरभर हसू ठेवील."

"ठेवो," नगमा म्हणाली.

"बेटा... नागपूरवाल्यांना उद्या सांगतो म्हटलं होतं मी. इमरानचं स्थळ चांगलं आहे, औषधांचं दुकान आहे. घर पाहिलं, माणसं पाहिली. महिना झाला, तू काहीच बोलली नाही. काय सांगू?"

महिनाभर नगमाकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आज समोर शाहनवाज ओठ पुसत होता, आणि रुमाल कहकशाँने दिला होता.

"हो सांगा," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली. समोर ऐकू जावं इतक्या मोठ्याने. "नागपूरवाल्यांना हो सांगून टाका, अब्बा!"

अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच फोन काढला. पण त्या वाळूत रेंज कुठली! "चला, उद्या सकाळी डांबरी रस्त्यावर पोचलो की कळवतो," म्हणत त्यांनी फोन खिशात टाकला.

नगमाने मान वर केली. शाहनवाजचा घास हातातच राहिला होता.

लागू दे, तिला वाटलं. त्यालाही लागू दे थोडं. पण का लागावं, याचा हिशोब काही तिला जुळेना.

सकाळी सूर्योदयाला उंटांवरून जायचं होतं. दोघांमागे एक उंट. उंटवाल्याने माणसं बघून जोड्या लावल्या: आई आणि मुलगा एकावर, दोघी मुली दुसऱ्यावर, आणि अय्युबभाई एकटे — "सेठजी, आप अकेले ही दो हैं!"

नगमाच्या नशिबी नेमकी कहकशाँ आली. पुढे कहकशाँ, मागे नगमा. उंट आधी मागून उठला, मग पुढून. कहकशाँ किंचाळली, हसली, आणि चार पावलं गेल्यावर मागे न बघताच म्हणाली,

"तू कालपासून मले खाऊ का गिळू असी काहून पाहून राहिली ओ?"

"मी? छे! मी कशाला..."

"पाठीले डोळे नसले तरी समजते मले. शानूसाठी ना?"

उंटाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजत होती. मग नगमाच्याने राहवेना. "तुमचं लग्न कधी आहे?" तिने विचारलं.

"कोणाचं?"

"तुमचं. त्यांच्याशी."

कहकशाँ इतकी जोरात वळली की उंटवाला खालून ओरडला. "तौबा तौबा! शानूशी? अगं, दूधभाऊ आहे तो माहा!"

नगमाच्या हातातला पट्टा सुटता सुटता राहिला.

"मी झाली तवा अम्मीले टायफॉइड झाला. दोन महिने दवाखान्यात. शानू तवा सात-आठ महिन्यांचा. फुफीनं, म्हंजे शानूच्या आईनं, एका कुशीत त्याले घेतलं अन् दुसऱ्या कुशीत मले. एका आईचं दूध प्यालो आम्ही. तुले का सांगा लागते? निकाह तर सोड, तसा विचार केला तरी गुनाह आहे. सख्ख्या भावापेक्षा जास्त छळते मी त्याले."

सांगायला लागत नव्हतंच. दुधाचं नातं म्हणजे रक्ताचं नातं, हे नगमाला पाळण्यापासून ठाऊक होतं. मामूची मुलगी म्हटल्यावर एक कायदा तिला लगेच आठवला. दुसरा मात्र आठवलाच नाही. एक प्रश्न विचारला असता तर... पण मत्सर कधी प्रश्न विचारतो का? तो थेट निकालच लावतो.

"अन् तू मोठी शहाणी!" कहकशाँचं चालूच होतं. "टेकाडावरून आला तवापासून 'ती मराठी शिकवते, ती असी हसते' करून करून माहं डोकं खाल्लं त्यानं. मग जेवताना तू 'हो सांगा' म्हणून ओरडली. तवापासून गडी एक शब्द बोलला नाही. सकाळपासून उंटाशी बोलून राहिला. पाह्य ना!"

पुढच्या उंटावर शाहनवाज वाकून उंटाच्या मानेवर हात फिरवत, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. खरंच. आणि नगमाला क्षणभर त्या उंटाचाही राग आला.

सूर्य उगवला. सगळ्यांनी फोटो काढले. नगमाने डांबरी रस्ता कुठल्या बाजूला आहे तेवढं पाहून घेतलं. उंटाच्या चालीने वीस मिनिटं.

परत निघताना ती सरळ अब्बांच्या उंटापाशी गेली. "मी इथे बसणार."

"सेठजी के साथ? ऊँट बैठ जाएगा, बहनजी!" उंटवाला म्हणाला.

"बसला तर बसू द्या."

उंट कुरकुरत उठला. अय्युबभाईंनी दोन्ही हातांनी खोगीर धरलं होतं आणि तोंडाने दुआ चालू होती.

"अब्बा, कालचं हो... ते नाही सांगायचं."

"हं? आत्ता? या उंटावर?"

"रस्त्यावर पोचल्यावर तुम्ही फोन कराल. म्हणून आत्ताच. मी ते रागात म्हटलं."

"माह्यावरच्या रागात?"

"नाही..."

"मग कोणावरच्या?"

पुढच्या उंटावरची शाहनवाजची पाठ नगमाच्या डोळ्यांसमोर होती, आणि अब्बा तीस वर्षं फळाच्या सालीवरून आतला रस ओळखत आले होते. त्यांनीही तिकडे बघितलं.

"तो? जीपमध्ये बोंबलत होता तो?"

"अब्बा!"

"धारणीत राहतो म्हणे. जंगलात. अन् त्या नागपूरवाल्यांना मी काय तोंड दाखवू?" आवाज कडक होता. तेवढ्यात उंट उताराला लागला, आणि बापाने एक हात मागे करून लेकीचा हात घट्ट धरला. उतार संपल्यावर म्हणाले, "संत्रा कसा तोडतात, सांग."

"देठ ठेवून. कातरीने."

"अन् ओढून तोडला तर?"

"देठापाशी सालटं निघतं. चार दिवसांत सडतो."

"काल तुझं हो मी तसंच ओढून तोडलं वाटते." त्यांनी उसासा टाकला. "नागपूरले नाही म्हणतो मी. पण या पोराचंही आज हो नाही, समजलं? आधी अकोल्याले जाईन, घर पाहीन. तुझ्या अम्मीले विचारीन. अन् मले आधी जिवंत खाली उतरू दे."

डांबरी रस्त्याला लागताच अब्बांचा फोन टिणटिण वाजू लागला. ते बाजूला जाऊन, पाठ करून बोलू लागले. शाहनवाज उंटाला हात लावून उभा होता. नगमा त्याच्यापासून दोन पावलांवर जाऊन थांबली.

"मुबारक," तो म्हणाला. उंटालाच म्हणाला.

"कशाचं?"

"तुमचे अब्बा... नागपूरशीच बोलून राहिले ना?"

"हो."

"हं."

"नाही सांगताहेत."

त्याचा हात उंटाच्या मानेवर थांबला. हळूच तो वळला, आणि पहिल्यांदाच एखाद्या जनावराची मदत न घेता तिच्याशी बोलायला उभा राहिला. शब्द मात्र येईनात. नगमाने वाट पाहिली. थोडा वेळ, शांत.

"मी दर शनवारी धारणीहून घरी येतो," तो अखेर म्हणाला. "अकोल्याले. अमरावतीवरून."

"अमरावती कुठे लागते त्या रस्त्यात? अकोटवरून सरळ पडतं की."

"पडते."

"मग?"

"आता नाही जाणार अकोटवरून."

नगमाने ओठ दाबून हसू धरून ठेवलं, पण ते डोळ्यांतून सांडलंच. "शनिवारी माझा शेवटचा तास चारला सुटतो," ती म्हणाली. "आणि मला वाट बघायला आवडत नाही."

"तीनलेच येऊन उभा राहतो."

"शानूऽऽ!" जीपमधून कहकशाँ ओरडली. "माह्या चपलीत काटा गेला! ये ना लवकर!"

तो लगेच वळला आणि धावत सुटला. सगळं कळलेलं असूनही नगमाच्या छातीत बारीकशी कळ उठलीच. तिने ती उठू दिली. मग तीही जीपकडे निघाली — जरा घाईने, त्याच्या शेजारची जागा दुसऱ्या कुणी धरायच्या आत.