माझ्या पेटीत त्याचं पोस्टकार्ड

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापर्यंत माझ्या टपालपेटीत अडकला होता.

नोव्हेंबरची संध्याकाळ होती. आमच्या कानाझावात नोव्हेंबरमध्ये पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही, तो थांबला तरच लोक त्याबद्दल बोलतात. चष्म्याच्या दुकानातली माझी ड्यूटी संपवून मी परतत होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मुळा आणि टोफूची पिशवी. आणि जिन्याखालच्या सहा पेट्यांपैकी नेमक्या माझ्या पेटीला एक उंच, ओलाचिंब माणूस चिकटून उभा होता.

"काही हरवलंय का?" मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

तो दचकला. हात ओढायला गेला, पण तो निघेना. "मी चोर नाही," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "चोर असतो तर... हात निघाला असता."

आता असल्या माणसावर ओरडणार तरी कसं? मी पेटीचं कुलूप काढलं, आतून त्याची बाही सोडवली, आणि मग पावसातच उभं राहून त्याची सगळी हकिगत ऐकली.

नाव तुगुलदूर. मंगोलियातल्या दार्खान गावचा. पाच वर्षं जपानात, काम पियानो सुरात लावायचं. माझ्याआधी दोनशे तीन नंबरच्या खोलीत तीन वर्षं तोच राहत होता. त्याचा इथे राहण्याचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. अर्ज देताना एका पोस्टकार्डावर आपलंच नाव, आपलाच पत्ता आपल्याच हातानं लिहून ते इमिग्रेशनच्या कचेरीत ठेवायचं. निकाल लागला की तेच कार्ड आपल्या घरी येतं. यंदा तो नदीपलीकडे, पियानोच्या कारखान्यावरच्या खोलीत राहायला गेला होता, पण कचेरीच्या खिडकीसमोर पेन हातात घेतल्यावर तीन वर्षांच्या सवयीनं लिहिलं काय, तर दोनशे तीन. पत्ता बदलल्याचं टपालखात्याला कळवायचंही राहून गेलेलं. चूक लक्षात आली ती दोन आठवड्यांनी, दात घासताना.

"मग कचेरीत जाऊन सांगा ना," मी म्हणाले.

तिथेच तर घोडं अडलं होतं. त्याचं जुनं दुकान वसंतात बंद पडलं, मग तीन महिने नोकरी नव्हती, आणि नवी मिळाल्याचं त्यानं कचेरीला उशिरा कळवलं होतं. एका चुकीची माफी लेखी मागून झाली होती. आता दुसरी घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? जुना परवाना नऊ ऑक्टोबरलाच संपला होता. निकाल यायचा असेल तर पुढे दोन महिने राहू देतात, म्हणजे नऊ डिसेंबरपर्यंत. त्याच्या आत कार्ड मिळून नवा परवाना हातात पडला तर ठीक. नाहीतर पाच वर्षांचं बस्तान गुंडाळून परत घरी.

"रोज संध्याकाळी साडेसहाला येऊन विचारलं तर चालेल?" त्यानं अगदी कमरेत वाकून विचारलं.

खरं तर फोन नंबरवर भागलं असतं. त्यानं मागितला नाही आणि मी दिला नाही. त्यावरून काय समजायचं ते समजा.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. साडेसहाला दारावर दोन टकटक, आणि मग —

"आज आलं?"

"नाही आलं."

एवढंच. पहिल्या आठवड्यात हे संभाषण अर्ध्या मिनिटात संपायचं. दुसऱ्या आठवड्यात त्याला वीस मिनिटं लागू लागली. तो उंबऱ्याबाहेर, मी आत, मध्ये माझ्या चपला. माझ्या दाराची बिजागरी बेसुरी आहे, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली घेऊन आला. एकदा थर्मासमधून त्याच्या गावचा खारा दुधाचा चहा आणला. मी एक घोट घेतला, आणि चेहरा सरळ ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला.

"वाईट आहे?" त्यानं विचारलं.

"नाही... सूप म्हणून छान आहे."

तो इतका मोकळा हसला, की तळमजल्यावरच्या त्सुकुदाकाकूंनी खिडकी उघडली. त्या आमच्या घरमालकीणबाई. माझं नाव चिकागे असलं तरी त्या मला पोरीच म्हणतात. दुसऱ्या दिवशी कचरा टाकायला खाली गेले, तर म्हणाल्या, "काय गं पोरी, टपालखातंसुद्धा इतक्या नेमानं येत नाही."

मी म्हटलं, बिचाऱ्याचं सरकारी काम आहे. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हो का? मग सरकारी कामासाठी तू लिपस्टिक का लावतेस?" मी कचऱ्याची पिशवीच परत वर घेऊन आले.

तो बोलताना डोळे बारीक करतो हे माझ्या लक्षात आलं होतं. धंद्याची सवय. एका शनिवारी मी त्याला दुकानात बोलावून घेतलं. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड चौकट ठेवली आणि भिंगं बदलत विचारत राहिले, कुठल्या भिंगातून स्पष्ट दिसतंय, पहिल्या की दुसऱ्या?

"पहिल्या."

"आता? हे की... हे?"

"दोन्हींतून सारखंच दिसतंय. तुम्हीच."

"मी भिंतीवरच्या अक्षरांबद्दल विचारतेय."

"अक्षरं पुसट आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे मी नीट बघितलंच नाही."

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचाच मला पगार मिळतो. पण त्या दिवशी माझ्या हातातून भिंग निसटलं, आणि ते शोधायला म्हणून मी बराच वेळ टेबलाखाली वाकून राहिले.

डिसेंबर लागला. पावसात आता गारा मिसळू लागल्या, समुद्राकडून ढगांचा गडगडाट यायचा. तो विचारायचा, "आज आलं?" आणि त्याच्या आवाजात आता भीती असायची. एकदा म्हणाला, आई फोनवर विचारते, परत येणार असशील तर तुझी खोली रंगवून ठेवू का. मी नुसतीच दाराची कडी धरून उभी राहिले. मला ते कार्ड यायला हवं होतं, त्याच्यासाठी. आणि यायला नको होतं, माझ्यासाठी. नकार आला तर तो मंगोलियाला जाणार, होकार आला तर त्याला माझ्या दारी यायचं कारणच उरणार नाही. दोन्हीकडून माझी संध्याकाळ रिकामीच.

सहा डिसेंबरला, मंगळवारी, कार्ड आलं.

गोल, काळजीपूर्वक काढलेली अक्षरं. त्याचं नाव, आणि खाली माझा पत्ता. मागच्या बाजूला छापील ओळी, चौकोन, काही चौकोनांत खुणा. पासपोर्ट आणा, जुनं ओळखपत्र आणा... होकार आहे की नकार, काही म्हणता काही कळेना. मी ते हातरुमालांच्या कप्प्यात ठेवलं. साडेसहाला देऊन टाकायचं, असं अगदी पक्कं ठरवलं.

साडेसहाला टकटक झाली.

"आज आलं?"

त्याच्या केसांत गारा अडकल्या होत्या. नवा चष्मा लावलेला, माझ्याच दुकानातला.

"नाही आलं," माझं तोंड म्हणालं.

बुधवारीही तेच. बुधवारी तो जास्त वेळ थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि न बोलता जिना उतरला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. उद्या नक्की द्यायचं. उद्या म्हणजे उद्या.

आणि गुरुवारी तो आलाच नाही.

साडेसहा वाजले, सात वाजले. मी छत्री घेऊन खाली गेले, कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आले. त्सुकुदाकाकू दारातच होत्या. "नऊ तारीख उद्याच ना?" त्या म्हणाल्या. "पोरानं आशाच सोडलेली दिसते." मी वर गेले. एका माणसाचं अख्खं आयुष्य मी हातरुमालांखाली दडपून ठेवलं होतं, आणि ते कशासाठी, तर रोजच्या वीस मिनिटांसाठी.

शुक्रवारी सकाळी मी दुकानात फोन करून रजा टाकली आणि नदीपलीकडे धावत सुटले. कारखान्यात लाकडाचा आणि सरसाचा वास होता. मालक, म्हातारे होरिता-सान, शेगडीपाशी हात शेकत होते. तुगुलदूर एका उघड्या पियानोत डोकं घालून बसला होता.

"तुमचं कार्ड," मी धापा टाकत म्हणाले. "मंगळवारीच आलं होतं. मी लपवलं. मी तुमच्याशी खोटं बोलले, दोनदा. आज शेवटचा दिवस आहे, कचेरी चारला बंद होते, पासपोर्ट घ्या आणि चला. मला काय रागवायचं ते बसमध्ये रागवा."

तो पियानोतून हळूहळू बाहेर आला. कार्ड घेतलं, पण उठला नाही.

"का लपवलंत?"

"आत्ता ते महत्त्वाचं आहे का?"

"आहे."

होरिता-सान एकदम छताकडे बघू लागले.

"कारण हे दिलं की तुम्ही यायचे थांबाल," मी म्हणाले. "आणि मला... मला तुम्ही आवडता. झालं? आता चला."

त्याचे कान पहिल्या दिवसासारखे लाल झाले होते. त्यानं खिशातून पाकीट काढलं, आणि पाकिटातून एक कोरं करकरीत ओळखपत्र माझ्या हातावर ठेवलं. राहण्याचा परवाना, एक वर्ष. खाली मंजुरीची तारीख. पाच डिसेंबर.

मी ती तारीख दोनदा वाचली. पाच म्हणजे सोमवार.

"दिवस संपत आले तसा धीर करून सोमवारी गेलो कचेरीत," तो खाली बघत म्हणाला. "पत्ता चुकल्याचं सांगितलं. कार्ड शुक्रवारीच टाकलंय म्हणाले, पण पासपोर्ट बघून तिथेच काम करून दिलं."

"म्हणजे मंगळवारी तुम्ही जे विचारलंत..."

"हे खिशातच होतं."

"बुधवारी?"

"बुधवारीपण." तो कसनुसा हसला. "विचारायला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि तुम्ही नाही म्हणालात तेव्हा वाटलं, टपालाला उशीर झाला असेल. मग वाटलं, की कदाचित... लपवलं असेल. लपवलं असेल तर किती बरं होईल, असं काल दिवसभर वाटत होतं. म्हणून काल आलो नाही. पुन्हा खोटं बोलवेना, आणि खरं सांगायचं धाडस होईना."

मला राग यायला हवा होता. तीन दिवस मी घास गिळू शकले नव्हते, आणि हा खिशात परवाना घेऊन माझ्या दारात पडेल चेहरा करून उभा राहत होता. मी त्याला महाबिलंदर म्हणाले, ढोंगी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं. होरिता-साननी शेगडीवरची किटली उचलली आणि पाणी आणायचं निमित्त काढून ते बाहेर गेले. किटली भरलेलीच होती.

तुगुलदूरनं माझे हात धरले. त्याच्या बोटांना तारांचे घट्टे होते.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "गारांतून रोज नदी ओलांडून येत होतो, ते काही कार्डासाठी नव्हतं."

एक वर्ष. मी पुन्हा त्या ओळखपत्राकडे पाहिलं. बारा महिने, आणि मग पुन्हा तोच अर्ज, तीच धाकधूक.

"आणि पुढच्या वर्षी ते नाही म्हणाले तर?"

बाहेर गारांचं बर्फ होऊ लागलं होतं.

"तर मग दार्खानमध्ये तुझ्या परवान्यासाठी रांग लावावी लागेल," तो म्हणाला. "तिथं थंडी फार आहे. आधीच सांगून ठेवतो."

"मी येईन," मी म्हणाले. विचार न करता म्हणाले. म्हणून झाल्यावर नीट विचार केला, तरी उत्तर तेच आलं.