मार्कंड्याच्या अलीकडचा मुक्काम

तुम्ही आरमोरीपासून मार्कंड्यापर्यंत डोंग्याने जायचं म्हणताय, म्हणून सांगतो. आखणी माझ्याकडे तयार आहे, हवी तर घेऊन जा. फक्त शेवटच्या टप्प्याचं आधी ऐका.

मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात शिफ्ट इंजिनिअर. यादी केल्याशिवाय भाजी आणायलाही जात नाही, यावरून घरात माझी टिंगल होते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी बाबांचा काचबिंदू पाहून सांगितलं की दिसतंय ते फार तर सहा महिने. बाबांनी, म्हणजे श्रीहरींनी, एकच मागितलं. "मले एकडाव वैनगंगेनं मार्कंड्यापर्यंत ने, अश्वजित." तरुणपणी ते या नदीवरून बांबूचे तराफे नेत असत.

मी वही घेऊन बसलो. माणसं तीन: बाबा, मी आणि डोंगा चालवणारा लच्छू. मुक्काम चार, रोज पंधरा-सोळा किलोमीटर. डिसेंबर निवडला, कारण पाऊस नाही आणि खालच्या बॅरेजमुळे पाणी तलावासारखं संथ. जेवणाची सोय नदीकाठच्या घरी. ती ठरवायला मी सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलने चारही ठिकाणी जाऊन आलो.

पहिल्या गावात डिंपलबाई म्हणाल्या, "तुमचा माणूस कालच सांगून गेला न भाऊ. चार जणाइचा भात."

मला वाटलं, लच्छूने आगाऊपणा केला असेल. वर मोजताही येत नाही गड्याला. पण दुसऱ्या गावातही हेच. चार जणांचा भात, तारीखही बरोबर. मी लच्छूला फोन लावला. तो म्हणाला, "मी कायले सांगू? मले त तुमचे मुक्कामच मालूम नाई."

तिसऱ्या गावात घाटावर एक म्हातारी जाळं दुरुस्त करत होती. तिने त्या माणसाला पाहिलं होतं. "जवान पोरगा होता. वर काई आला नाई. तिथीच कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोलला, हातात बांबू धरून." तिने जागा दाखवली. डोंगा लावता येतो का, हे पाहायला मी थोड्या वेळापूर्वीच तिथे काठी टाकली होती. काठी बारा फुटांची. तळ लागला नव्हता.

भर दुपार होती. तरी मला तिथे उभं राहवेना.

मार्कंड्याला घाटाजवळ कुंताबाईंची खानावळ आहे. त्यांनाही निरोप पोचला होता, पण इथला आकडा वेगळा होता. "दोघं येतीन म्हणे."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लटारू."

तराफ्यावर एक रीत होती. रोज एक जण लहान डोंग्यातून पुढे जायचा, पुढच्या गावात मुक्काम ठरवायचा आणि स्वतःला धरून किती जणांचा भात लागेल ते सांगून ठेवायचा. त्याला पुढचा माणूस म्हणत. पाळी ठरलेली असे. तिसऱ्या मुक्कामानंतरची पाळी बाबांची होती आणि नदीला पूर होता.

"मी ताप आला म्हून सांगतलं... लटारू गेला माह्या जागी." बाबा सांगत होते. "ताप नव्हता, अश्वजित. मी भेलो होतो. तो मार्कंड्याले पोचलाच नाई. आमीबी तिथूनच पायी घरी वापस आलो."

मी भुताखेताला मानत नाही. पण चारांचे दोन का होतात, याचा हिशोब मला झोपू देईना. मी जायलाच नको म्हणालो तर बाबांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. शेवटी मधला मार्ग काढला. त्यांना न सांगता शेवटचा टप्पा वहीतून खोडला आणि तिसऱ्या गावाला जीप बोलावून ठेवली. जो टप्पा आपण करायचाच नाही, त्यात कोण बुडणार?

प्रवास फार छान झाला, खोटं कशाला बोलू. बाबा एकेक वळण नावानिशी ओळखत होते. तिन्ही गावांत चार ताटं वाढलेली असायची. चौथ्या ताटाकडे आम्ही कोणी पाहत नव्हतो.

तिसऱ्या मुक्कामी संध्याकाळी मी जीपचं सांगितलं. बाबा भांडले, रडले. "पुन्ना अर्ध्यातून वापस जाऊ काय मी?" मी ऐकलं नाही. मला माझा बाप जिवंत हवा होता, बस्स. ते उठून घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो, पण पहाटे कधीतरी माझा डोळा लागला.

उजाडलं तेव्हा बाबा जीपमध्ये बसलेले होते. शांत, हात मांडीवर. एक शब्दही बोलले नाहीत. लच्छू काठावर दिसला नाही. डोंगा मार्कंड्याला मेहुण्याकडे द्यायचा होता, म्हणून तो लवकरच निघून गेला असावा. आम्ही दुपारी घरी पोचलो. बाबा बाल्कनीत खुर्चीवर जाऊन बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईंना फोन केला. म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास झाला, आम्हाला यायला जमलं नाही.

"काऊन? आले न दोघं," त्या म्हणाल्या. "लच्छू आन् तुमचे बाबा. रात्री दोघंबी पोटभर जेवले. बाबा त सकायपासून घाटावर बसून आहेत. लय खूश दिसून राह्यले."

मी बाल्कनीकडे पाहिलं. खुर्चीवर पाठमोरे बाबा बसले होते. तोच सदरा, तीच टोपी.

खुर्चीतून मान न वळवता हलक्या आवाजात प्रश्न आला.

"पोचला न श्रीहरी...?"

माझ्या कानाशी कुंताबाई अजून बोलत होत्या. "भाऊ... आयकून राह्यले न? बाबा हाक मारून राह्यले, फोन मांगून राह्यले. देऊ काय त्याइले?"