कच्च्या रंगाचा दोरा

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास नातवाने डब्यातून एक बटण काढलं आणि आजीला ते ओळखता आलं नाही.

घटना एवढीच. पण त्या घरात असं आधी कधी घडलं नव्हतं.

डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र हातांनी पुसून गेलेलं. आजीची सगळी नोकरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात गेली, तीही काजं-बटणांच्या टेबलावर. दिवसभर बटणं लावून कंटाळायच्याऐवजी ती घरीही बटणं जमवायला लागली. घरचा नियम असा की कपडा कामातून गेला, की फेकण्याआधी त्याचं एक बटण डब्यात यायचं. कपडा चालू असताना त्याचं बटण डब्यात येणं नाही. सुटलं तर आजी ते लगेच जागेवर लावायची.

दर रविवारी मुलगा आणि सून दोन्ही पोरांना आजीकडे सोडून आठवड्याचं सामान आणायला जात. नात नऊ वर्षांची. तिचं तोंड बंद नसायचं म्हणून तिला सगळे टकळी म्हणत. नातू पाच वर्षांचा, हात मागे बांधून खोल्यांची पाहणी करत फिरायचा, म्हणून साहेब. दोघं आली की आधी डबा निघायचा. डोळे मिटायचे, हात घालायचा, येईल ते बटण आजीसमोर धरायचं आणि आजीने सांगायचं.

"हे?"

"तुझ्या बापाचा शाळेतला शर्ट. भिंतीवरून उडी मारली तेव्हा फाटला. गुडघा फुटला होता, पण रडत होता शर्टासाठी."

"आणि हे?"

"आजोबांचा लग्नातला कोट. कोट मागून आणलेला होता. कोट परत दिला, बटण नाही दिलं."

"म्हणजे चोरी," साहेब म्हणाले.

"आठवण," आजी म्हणाली. "चोरी वेगळी."

त्या रविवारी साहेबांनी काढलेलं बटण निळं होतं, प्लॅस्टिकचं, वर जहाजाच्या नांगराचं चित्र. नांगराचा एक हात तुटलेला. आजीने चष्मा वर केला, खाली केला. कडेला बारीक खळगे होते, अर्धगोलात.

"याला कुणीतरी चावलंय," ती म्हणाली.

"मी नाही," साहेब लगेच म्हणाले.

"पण कुणाचं आहे?" टकळीने विचारलं. "आजी? कुणाचं आहे?"

मुलगा सामान घेऊन परतला तेव्हा टकळीने दारातच बातमी दिली: आजीला बटण आठवलं नाही. मुलाने बायकोकडे पाहिलं. ते पाहणं आजीच्या नजरेतून सुटलं नाही. दोघांनाही तिच्या विसराळूपणाची आधीपासून धास्ती होती आणि तिला त्या धास्तीची. ते बटण तिने डब्यात परत टाकलं नाही. जुन्या चष्म्याच्या खोक्यात घालून खोकं कपाटात ठेवलं. आठवेल तेव्हा बघू.

पुढे पावसाचे दिवस आले. सुनेने साहेबांसाठी पिवळा रेनकोट आणला. ते तो घालूनच आजीकडे आले, ऊन असताना. रेनकोटाला निळी बटणं होती, प्रत्येकावर नांगर. आजीने सगळी बटणं एकेक करून चाचपली. सगळी जागेवर, सगळी कोरी.

"कुठून घेतलास गं हा?"

"दुकानातून, आई," सून म्हणाली. "आजच पिशवीतून काढलाय. का?"

"काही नाही. शिलाई कच्ची आहे."

रेनकोट साहेबांना फार आवडला आणि त्याचं वरचं बटण त्याहून जास्त. कॉलर तोंडाशी यायची आणि ते बटण चघळत बसायचे. सून ओरडायची, आजी हसायची. पाऊस संपता संपता रेनकोट फाटकात अडकून काखेपासून खालपर्यंत उसवला. मुलाने वरचं बटण तोडलं आणि नियमाप्रमाणे आईच्या हातावर ठेवलं. कडेला दातांचे खळगे, अर्धगोलात. नांगराचा एक हात तुटलेला.

आजीने ते डब्यात टाकलं. मग आत जाऊन कपाट उघडलं. चष्म्याचं खोकं जागच्या जागी होतं. आत काही नव्हतं.

ती काही बोलली नाही. बोलली असती तर मुलाने पुन्हा बायकोकडे पाहिलं असतं. शिवाय तिला भीती वाटली नव्हती, हे खरं. तिला गंमत वाटली होती. त्या दिवशी तिने साहेबांना दोन गोष्टी जास्त सांगितल्या.

थंडी पडल्यावर आजीचं तपकिरी स्वेटर बाहेर आलं. पुढून उघडं, तिने स्वतः विणलेलं. त्याची लाकडी बटणं आजोबांनी दुकानात अर्धा तास उभं राहून निवडलेली. खालून दुसऱ्या बटणाच्या कडेला इस्त्रीचा काळा डाग होता, चंद्रकोरीसारखा. हा डाग आजीच्याच हातचा, आणि कारखान्यातल्या बाईच्या हातून असं झालं म्हणून आजोबांनी तिला वर्षभर चिडवलं होतं. स्वेटर कोपरांवर विरलं होतं. सून नवं घेऊ म्हणाली की आजीचं उत्तर ठरलेलं: "मी आहे तोवर याचं बटण डब्यात जायचं नाही."

त्या थंडीतल्याच एका रविवारी टकळीने डोळे मिटून डब्यात हात घातला आणि बटण पाहून नाक मुरडलं. "हे तर सोपंय. तुझ्या स्वेटरचं."

लाकडी बटण. कडेला चंद्रकोरीसारखा काळा डाग.

आजीने खाली पाहिलं. स्वेटरची सगळी बटणं लावलेली होती. खालून दुसरंही, डागासकट.

"दोन असतील," टकळी म्हणाली.

"असतील," आजी म्हणाली.

पोरं पुढच्या बटणाकडे वळली. आजीने ते बटण मुठीत धरलं आणि मग उजेडात नेलं. भोकांत दोऱ्याचा तुकडा शिल्लक होता. फिकट गुलाबी. तिने स्वतः तपकिरी दोरा वापरला होता आणि तिचे टाके असे नव्हते. हे टाके एका भोकातून बऱ्याचदा आणि दुसऱ्यातून जेमतेम एकदा गेले होते. मागे गाठीचा गोळा झाला होता. कारखान्यात नव्या आलेल्या पोरी पहिल्या दिवशी लावत, तसं. ज्याने लावलं त्याने ते पहिल्यांदाच लावलं होतं, आणि जीव ओतून लावलं होतं.

तिने बटण चष्म्याच्या खोक्यात ठेवलं.

टकळीने बटण लावायला शिकव म्हणून धोशा लावला तो नेमका याच सुमारास. शाळेत शिवणाचा तास सुरू झाला होता.

"पुढच्या रविवारी," आजी म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने जुनी मासिकं आणि कात्री काढली. त्याच्या पुढच्या रविवारी नदीकाठचे गोटे आणि रंग. मग डब्यांत रोपं लावून झाली, साबणाचे फुगे झाले, फळीवर तुकड्यातुकड्यांचं मोठं चित्र जुळवून झालं. पोरं खूश होती. साहेबांनी एका गोट्याला चेहरा काढून त्याला खिशात राहायला जागा दिली. आजीही खूश होती. इतकी वर्षं या गोष्टी करायच्या राहून गेल्या होत्या, त्या आता एकामागून एक होत होत्या.

"विणायला शिकवते," ती एकदा म्हणाली. "विणायच्या सुया चालतील. शिवायची नको."

"त्या तर केवढ्या मोठ्या असतात," टकळी म्हणाली.

"मोठ्या दिसतात तरी. बारीक हरवते."

मुलालाही नवल वाटलं. "आई, अख्खं आयुष्य बटणं लावलीस आणि पोरीला सुई धरू देत नाहीस?"

"टोचेल तिला."

"मला तर सहाव्या वर्षी शिकवलंस."

"तुला टोचलेली चालत होती."

तो हसला आणि विषय तिथेच राहिला. टकळीचा मात्र राहिला नाही. एका रविवारी ती आली आणि गप्प बसली. डबा मागितला नाही, चित्र मागितलं नाही. साहेबांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"काय झालं गं?" आजीने विचारलं.

"मला जमणार नाही असं वाटतं ना तुला? म्हणून शिकवत नाहीस."

आजीने शेकडो पोरींना शिकवलं होतं. थरथरत्या हातांच्या, कमी दिसणाऱ्या, डावखुऱ्या. त्यातल्या एकीलाही तिने असं वाटू दिलं नव्हतं.

पोरं गेल्यावर तिने शिवणाची टोपली पलंगावर पालथी केली. गुलाबी दोऱ्याची दोन रिळं निघाली, एक गडद, एक फिकट. दोन्ही तिने कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याला दिली.

"बायकांच्या चपलांना चालतील," ती म्हणाली.

"पुरुषांच्या शिवल्या तर मार खाईन," तो म्हणाला.

येताना तिचं पाऊल हलकं पडत होतं. घरात गुलाबी दोरा नाही, मग घोर कशाचा?

पुढच्या रविवारी तिने टकळीला शेजारी बसवलं. निळा दोरा सुईत ओवायला लावला, जिभेने टोक ओलं करायला शिकवलं. बोट टोचलं तेव्हा टकळी आधी आजीकडे पाहून हसली आणि मग रडली. दुपारपर्यंत एका चिंधीवर बटणांची वेडीवाकडी रांग लागली होती. साहेब त्यांतलं एकेक ओढून बघत आणि निकाल देत: "पास. पास. नापास." टकळी चिंधी गळ्यात बांधून घरभर फिरली. आजीला स्वतःच्या नोकरीतला पहिला दिवस आठवला. मग तिचा डोळा लागला. असं गाढ ती बऱ्याच दिवसांत झोपली नव्हती.

जाग आली तेव्हा खुर्चीच्या पाठीवरचं स्वेटर टकळीच्या मांडीवर होतं.

"सैल झालं होतं," टकळी म्हणाली. "मी घट्ट केलं. तुला सांगणार नव्हते, पण तू उठलीस."

खालून दुसरं बटण. आजीने ते बोटांत धरलं. टाके एका भोकातून बऱ्याचदा गेले होते, दुसऱ्यातून जेमतेम एकदा. मागे गाठीचा गोळा होता.

दोरा लाल होता. लालभडक.

"कुठला गं हा दोरा?"

"शाळेच्या डबीतला. तुझ्याकडे तपकिरी मिळेना. चालेल ना?"

आजी हसली. एवढी हसली की साहेब पळत आले. लाल होता, गुलाबी नव्हता. तिने तेव्हाच स्वेटर अंगात घातलं आणि संध्याकाळी दुकानात, जिन्यात, चपलावाल्याकडे, जो भेटेल त्याला ते बटण दाखवलं. "नातीने लावलंय. पहिलं."

त्या आठवड्यात तिने स्वेटर धुतलं. पिळून काढलं आणि बादलीकडे पाहिलं. पाणी किंचित गुलाबी झालं होतं.

पक्क्या रंगाच्या दोऱ्यात तिचं आयुष्य गेलं होतं. गणवेशाचा दोरा कपड्याआधी विटत नाही. शाळेच्या डबीतला दोरा कच्चा असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने कात्री आणली. एक टाका कापला की काम झालं असतं. मग तिने कात्री परत ठेवली, कारण रविवारी टकळी आली की दारातूनच पहिलं विचारणार होती.

"टिकलंय?"

"टिकलंय."

अजूनही ती तेच विचारते. मग डबा निघतो, रंग निघतात, साहेब हात मागे बांधून पाहणी करतात. आजी आता एकही रविवार चुकवत नाही. स्वेटर ती थंड पाण्यात, साबणाशिवाय, तेही अगदीच गरज पडली तर धुते आणि सावलीत वाळत घालते. मुलाला वाटतं, लोकरीची काळजी घेते.

चष्म्याचं खोकं कपाटातच आहे. त्यातलं बटण अजून आत आहे. पोरं गेली की आजी ते काढते आणि दोन्ही दोरे शेजारी शेजारी धरून पाहते. परवाच्या रविवारीही पाहिले. रंगात अजून फरक आहे. पूर्वी तो दाराशी उभं राहूनही दिसायचा. आता त्यासाठी खिडकीपाशी जावं लागतं.