‘पक्कीखबर’ची बारावी खबर

माझ्या धाकट्या भावाच्या, अजितच्या, जर्सीवरचा सात नंबर सोलून निघाला होता, म्हणून मी परळच्या त्या छपाईच्या गाळ्यात शिरले. आत एक उंच मुलगा गरम प्रेसखाली जर्सी सरकवत होता. मला बघताच त्याने शेजारच्या जर्सीवर घाईघाईने वर्तमानपत्र टाकलं. पण पाठीवरचं ‘हितेंद्र’ मी वाचलंच.

“उद्या या,” तो म्हणाला. कपाळावर घाम, आणि डोळे... असो, डोळ्यांचं नंतर सांगते.

भोईवाड्यात घरी आले, चहा घेतला आणि ‘कबड्डी कट्टा’ उघडला. हा आमच्या भागातल्या कबड्डीवेड्यांचा ऑनलाइन फोरम. निवड समितीच्या मांडीवर बसून आल्यासारखे बोलणारे तिथे ढीगभर. ‘आपली आत ओळख आहे’ म्हणतात आणि खबर फसली की गुपचूप पोस्ट उडवतात. मला या थापाड्यांचा भारी राग. म्हणून मी वहीच ठेवली होती – कोण, कधी, काय बोललं, खरं निघालं का. सगळ्या वहीत एकच माणूस स्वच्छ, ‘पक्कीखबर’. दहा खबरा, दहाही खऱ्या. आणि त्या संध्याकाळी त्याची अकरावी आली: ‘हितेंद्र शहर संघात.’

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात जाऊन काउंटरवर वही ठेवली.

“काय पक्कीखबर, बरं चाललंय ना?”

त्याच्या हातातली कात्री थांबली. “कोणाला बोलणार नाय ना?”

“बघते... आधी खरं नाव सांग.”

“राजरत्न. पण तू माझी वही ठेवलीस? शाळा सुटल्यापासून आईनेसुद्धा माझं प्रगतिपुस्तक नाय बघितलं.”

“सगळ्यांची ठेवते. तू पहिला आलास.”

तो चक्क लाजला. मग मलाही उगाच गाळ्यात उकडायला लागलं.

त्यानंतर अजितच्या जर्सीचा नंबर फारच वेळा निघू लागला. एकदा तर तो मी नखाने काढला, कबूल करते. राजरत्नही सावकाश चिकटवायचा. अक्षरं कापता कापता त्याने मला सगळी पद्धत सांगितली.

“आधी नुसती नावं येतात, प्रिती. त्यात राखीववालेपण असतात, गळणारेपण. मागाहून नंबर येतात. नंबर आला की माणूस पक्का. तोवर आपण गप.”

अजित सलग तिसऱ्या वर्षी निवड चाचणी देऊन आला होता. त्याचं काय झालं, हे मी राजरत्नला एकदाही विचारलं नाही. जिभेच्या टोकावर यायचं, पण गिळायचे.

आणि मग न विचारताच पोस्ट आली: ‘अजित शहर संघात.’

मीच ओरडून घरात सांगितलं. वहीतल्या दहा बरोबरच्या खुणांवर माझा तेवढा विश्वास होता. आईने चाळभर पेढे वाटले. अजित बाबासाहेबांच्या फोटोसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला.

दोन दिवसांनी यादी लागली. तिच्यात अजित नव्हता.

अजित जेवला नाही. मी रागाने कट्टा उघडला, कारण माझी खात्री होती की पोस्ट उडाली असणार. पोस्ट तिथेच होती. खाली लिहिलं होतं: ‘माझी खबर चुकली. मी राजरत्न, परळला जर्सी छापतो. यापुढे खबरा बंद.’

आमच्या गल्लीतल्या कबड्डीला पंच नसतो. ज्याला हात लागतो तो स्वतःच हात वर करतो आणि बाहेर जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी राजरत्न मैदानात आला, अजितसमोर उभा राहिला आणि सगळ्या पोरांदेखत त्याने हात वर केला.

“मी बाद. नंबर यायच्या आधीच बोललो.”

अजित मातीतला रुमाल उचलून म्हणाला, “पुढल्या वर्षी नंबरासकट छाप, भावा.” आणि सरावाला गेला.

मी मात्र राजरत्नला तसं सोडणार नव्हते. “का नाही थांबलास? अकरा वेळा थांबलास ना?”

“त्याचं नाव कापताना तुझा चेहरा दिसला... तू किती हसशील, तेवढंच डोक्यात आलं.” तो मान खाली घालून बोलत होता. “शेटलापण सांगून टाकलं सगळं. शिव्या खाल्ल्या, पण काम टिकलं.”

मला अजून राग होता. पण आता डोळ्यांचं सांगते – त्या डोळ्यांत लपवाछपवी नव्हती. आणि तो मला फार आवडत होता.

मी वही उघडली, बाराव्या खबरेपुढे ‘चूक’ लिहिलं, आणि त्याच्यापुढे ‘स्वतः कबूल’.

“शेवटची एक देऊ?” त्याने विचारलं.

“कुणाकडून कळलं?”

“माझ्याकडूनच. मला तू... आवडतेस.”

“नुसतं नाव आलंय, की नंबरही?”

“नंबर पहिल्याच दिवशी आला,” तो म्हणाला. “तूच घेऊन आलीस. सात.”

मला हसू आवरेना. मी वही मिटली आणि गल्लीच्या नियमाप्रमाणे हळूच हात वर केला.