एकोणचाळिसावी उत्तरपत्रिका

पेपर मोबाइलवर तपासायची टूम आमच्या शाळेत मीच आणली. झरी जामणी तालुक्याच्या पार टोकाला, सागाच्या जंगलाला पाठ लावून उभी असलेली आमची शाळा. रेंज यायची ती फक्त ऑफिसच्या खिडकीत. पण मी हट्टालाच पेटले होते. पेपरवर नावाऐवजी नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि फोटो काढायचा, बस्स. गुण मोबाइल देणार, वर कुठे चुकलं तेही ज्याचं त्याला लिहून देणार. 'हातचा धरायला विसरलीस.' 'रीत बरोबर, घाई नडली.' आम्ही माणसं तिसाव्या पेपरला नुसत्या रेघा ओढतो. शिवाय यंत्राला ना जात, ना नातं, ना कुणाच्या घरची बोरं खाल्लेली.

"लीला मॅडम, पोरांपेक्षा तुमालेच जास्त घाई झाली हाय," अश्वजित सर हसून म्हणाले होते. ते आमचे नवे विज्ञानशिक्षक. घाईला कारण होतं, पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या शाळेला दरवर्षी एकच जागा मिळते. सातवीच्या गणितात जी पहिली येईल, तिची. ती मुलगी हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्या शाळेला जाते. चाळीस वर्षांपूर्वी ती जागा मला मिळाली होती. यंदा पायल आत्राम तिच्यासाठी झटत होती. पोडावरून, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरून, रोज तीन किलोमीटर चालत यायची. "जागा नाही भेटली तर बाबा म्हणते शाळा बस झाली," तिने मला सांगितलं होतं.

डिसेंबरातल्या त्या दुपारी अश्वजित सरांनी अडतीस पेपरांचे फोटो काढले. पाचच्या आत निकाल मंजूर करून पाठवायचा होता. खिडकीतून कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा वास येत होता आणि व्हरांड्यात मुली मीठ लावून आवळे खात होत्या.

"मॅडम, हे एकोणचाळीस कायले दाखवून राह्यलं?"

"एखादा दोनदा काढला असन तुम्ही."

त्यांनी गठ्ठा मोजला. अडतीस. सगळे फोटो पुसून पुन्हा काढले. यादीत एकोणचाळीस. पायल चोवीस गुणांनी दुसरी होती. तिच्यावर एकोणचाळीस नंबर, पंचवीसपैकी पंचवीस.

मी तो फोटो उघडला. पिवळा पडलेला आखीव कागद, निळी शाई. गणितं आमच्या पेपरातली नव्हतीच. बैलबंड्या, पोती, मण. अक्षर डावीकडे कललेलं, ऊन लागल्यावर रोपटं कलतं तसं.

प्रभावती मुनेश्वरचं अक्षर. आम्ही दोघी एकाच तरटावर बसायचो. ती फ्रॉकच्या खिशातून बोरं आणायची, त्यातली गोड मला आणि किडकी स्वतःला. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या सागाखाली ती मला गणितं समजावून द्यायची. सागाचं कोवळं पान चुरलं की हात लाल व्हायचे. मग आम्ही एकमेकींच्या गालाला ते फासायचो. इतकं निर्मळ सुख मला पुढे कधीच मिळालं नाही.

आमच्या तेव्हाच्या किसनसिंग गुरुजींची एक पद्धत होती. पेपर झाला की शेजारच्याशी अदलाबदल करायची. ते फळ्यावर उत्तरं लिहीत आणि आम्ही एकमेकींचे पेपर तपासत असू. "म्या तपासला त गुण समजते," ते म्हणत, "तुमी तपासला त माणूस समजते."

त्या वर्षी वसतिगृहाचा पेपरही त्यांनी तसाच तपासायला दिला. शेवटच्या गणिताचं तिचं उत्तर होतं ४५. मी त्याच्यापुढे एक शून्य वाढवलं आणि दोन गुण कापले. ती तेवीस, मी चोवीस. प्रभावतीने कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "माह्यंच चुकलं असन."

दुसऱ्या वर्षी ती घरच्यांबरोबर पैनगंगेपलीकडे मजुरीला गेली. पुढे तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

फोटोत ४५० होतं. शून्याभोवती लाल गोल आणि खाली शेरा: 'हे शून्य विद्यार्थिनीच्या हातचं नाही. गुण पूर्ण.'

"सर, चहाचं पाहता का जरा?" मी म्हटलं.

ते गेल्यावर मी पेपर रद्द केला. यादी हलली आणि एकोणचाळीस नंबर पुन्हा वर येऊन बसला.

मी पंचवीस खोडून तेवीस केले. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच, आणि त्याच हाताने. लाज वाटली, पण पायलचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

मोबाइलचा पडदा क्षणभर पांढरा झाला. मग शेरा आला: 'गुण का कापले?'

खाली शिक्षकाच्या उत्तरासाठी रिकामी चौकट होती.

पाचला दहा मिनिटं. पायल पायरीवर बसून दाराकडे बघत होती.

मी लिहिलं: 'उत्तर बरोबर होतं. शून्य मी वाढवलं. ती जागा प्रभावतीची होती.'

पाठवलं.

यादीत अडतीसच नंबर राहिले. पायल पहिली. मी मंजुरीचं बटण दाबलं, टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडले. इतकं हलकं मला सागाखाली वाटायचं.

पावलं वाजली. अश्वजित सर चहा घेऊन दारात उभे होते. एकच कप होता.

"लीलाबाई, तुम्ही अंदर काहून आल्या?"

मला वाटलं, थट्टा करताहेत.

"उठा बरं तिथून. थे खुर्ची मॅडमची हाय."

"कोणत्या मॅडमची?"

"असं काय करता? प्रभावती मॅडमची."

त्यांनी कप माझ्यासमोरून पलीकडे सरकवून ठेवला. व्हरांड्यात चपला वाजत जवळ येत होत्या, सावकाश. मुली उठून उभ्या राहत होत्या.

उठण्यासाठी मी टेबलावर हात टेकले. बोटांच्या पेरांवर कापूस वेचताना बोंडांनी पडलेले चिरे होते. जुने, भरून आलेले, आणि त्यांच्यावर नवे.