दोरीचा दिवा

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते. ज्या पॅनलसमोर हे घडलं, त्याची वायर न् वायर मी स्वतःच्या हाताने कापून, सोलून, जोडली होती. या वयात रचून सांगायची हौस उरत नाही.

आणि हो, रात्रही नव्हती.

रविवारची भर दुपार होती. पुठ्ठ्याचा कारखाना सुट्टीमुळे बंद होता. पत्र्याच्या उंच छपरातून उन्हाच्या तिरिपी खाली येत होत्या आणि त्यात कागदाची धूळ तरंगत होती. सगळं लख्ख दिसत होतं.

म्हणूनच मला आजही स्वतःला फसवता येत नाही.

तेव्हा माझ्या दादाचं कंट्रोल पॅनल बनवायचं छोटंसं वर्कशॉप होतं. दोन टेबलं, एक खरखरणारा रेडिओ आणि आम्ही दोघं. दादा ड्रॉइंग काढायचा, मी वायरिंग करायची. माझ्या हातात सदा पक्कड, म्हणून तो मला पक्कडबाई म्हणायचा. नव्या वायरीच्या प्लॅस्टिकचा वास आला की अजून मला ते टेबल दिसतं. दादा दिसतो, कानामागे पेन्सिल खोचलेला.

त्या दिवशी निघताना वहिनी दारात आली.

"वन्सं, ह्यांच्यावर नजर ठेवा हं. काम संपत आलं की ह्यांच्या अंगात वारं शिरतं."

"ती माझ्यावर नजर ठेवणार?" दादा म्हणाला. "तिला समोरचा मीटर सापडत नाही."

"तो तुझ्या खिशात असतो म्हणून!"

वहिनी हसली, पण माझा हात तिने जरा घट्टच धरला होता.

काम असं होतं. कारखान्यात रद्दीचे गठ्ठे एका लांब, चढत्या पट्ट्यावरून वर जायचे आणि टोकाला मोठ्या हौदात पडायचे. हौदाच्या तळाशी पोलादी पाती. ती फिरली की रद्दीचा लगदा व्हायचा. पट्ट्याच्या कडेने एक जाड दोरी टोकापर्यंत गेलेली होती. कुणी अडकलं, पडलं, तर हाताला येईल तिथून दोरी ओढायची. पट्टा आणि हौद दोन्ही थांबायला हवेत.

हे सगळं चालवणारं जुनं रिलेंचं, म्हणजे विजेच्या खटक्यांचं, कपाट काढून आम्ही तिथे पीएलसी बसवत होतो. पीएलसी म्हणजे यंत्राचा मेंदू म्हणा, आणि त्याचं इनपुट कार्ड म्हणजे डोळे. बाहेरच्या प्रत्येक स्विचची वायर त्या कार्डावर येते. वायरीतून चोवीस व्होल्ट आले की त्या स्विचच्या नावाचा इवलासा हिरवा दिवा लागतो. नाही आले की विझतो. आहे किंवा नाही. मधलं काही नाही.

दोरीचं जरा उलटं असतं. दोरी सैल, सगळं ठीक, तोवर दिवा लागलेला. कुणी दोरी ओढली की दिवा विझतो. विझला की सगळं बंद.

सकाळी जुनं कपाट सोडवताना दादा एकदम थांबला.

"पक्कडबाई, हे बघ."

दोरीच्या वायरी जिथे येत होत्या, त्या दोन टर्मिनलांमध्ये बोटभर लांबीची एक वायर लावलेली होती. जंपर. म्हणजे वरती कुणी कितीही दोरी ओढली तरी खाली कपाटाला कळणारच नाही. स्विच सारखा त्रास द्यायला लागला की काही वायरमन असं करतात. तात्पुरतं म्हणून लावतात आणि मग विसरतात.

"म्हणजे ही दोरी नुसती शोभेची होती," दादा म्हणाला. "फोरमनसाहेब, हे कुणाचं काम?"

फोरमनचा आवाज असा की आम्ही मागे त्याला तोफ म्हणायचो. त्या प्रश्नावर मात्र तोफ उडाली नाही. त्याने त्या वायरीकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"असेल कुणा जुन्या वायरमनचं," तो हळूच म्हणाला. "टाका काढून."

दादाने ती काढून टाकली.

दुपारपर्यंत नवं कार्ड बसलं, वायरी जोडून झाल्या. वीज दिली. एकेक दिवा लागत गेला. दारं, लेव्हल, मोटरी... आणि दोरीचा.

"झालं!" दादाने हात झटकले.

आणि दोरीचा दिवा विझला.

आम्ही बघत राहिलो.

तो पुन्हा लागला... विझला... लागला... परत विझला.

"लूज असेल," दादा म्हणाला. मी स्क्रू आवळला. घट्टच होता. कॉमनची, म्हणजे सगळ्यांची सामाईक वायर तपासली, ठीक. दादाने कार्ड बदलून दुसरं कोरं कार्ड घातलं.

दिवा विझला.

मग वायर काढून शेजारच्या दिव्याच्या चॅनेलवर लावली, प्रोग्राममध्ये तसा बदल केला. आता शेजारचा दिवा विझायला लागला. बाकी सगळे दिवे शांत, आणि दोरीची वायर जिथे जाईल तिथला तेवढा बेचैन.

मला खटकलं ते वेगळंच. दोरीच्या वरच्या टोकाचा स्विच असा होता की दोरी ओढली की त्याचा खटका अडकून बसतो. वर जाऊन हाताने उचलल्याशिवाय दिवा परत लागूच शकत नाही.

मग हा आपोआप लागतो कसा?

"दोरीला कोणी हात लावतंय का?" दादा पॅनलरूमच्या खिडकीतून खाली ओरडला.

"कोण लावणार?" खालून तोफ कडाडली. "मी एकटाच आहे इथं! आणि आज होणार का हो हे? का मी इथंच अंथरूण टाकू?"

तो पट्ट्याच्या खालच्या टोकाला, चालू-बंदच्या बटणांपाशी बसला होता. त्याच्यासमोर 'तयार' लिहिलेला एक मोठा हिरवा दिवा होता. तो स्थिर लागला की ट्रायलसाठी पट्टा चालू करायचा, असं दादानेच त्याला सकाळी सांगितलं होतं.

मी त्याच खिडकीतून बाहेर पाहिलं. वरचं टोक तिथून स्पष्ट दिसायचं. दोरी सैल लोंबत होती. वारा नव्हता.

मागे दिवा विझला.

"थांब," दादा म्हणाला. "गडबड कार्डात आहे की बाहेर, ते आधी कळू दे."

त्याने वायरीचा तुकडा घेतला आणि कार्डावरच चोवीस व्होल्टचा जंपर मारला. शोध घ्यायची ही नेहमीची पद्धत. आता बाहेरची वायर तुटली तरी दिवा विझायला नको. मीटरच्या पिना त्याने त्याच टर्मिनलला अडकवून ठेवल्या.

दिवा लागला.

लागूनच राहिला.

"बघ! कार्ड उत्तम आहे. भानगड वरच्या स्विचमध्ये आहे. मी उघडून बघतो, तू दिव्याकडे लक्ष ठेव."

"दादा, मोटरीचे फ्यूज काढते आधी."

"अगं, आलोच मी! तोफेला जाताना सांगतो."

वहिनी म्हणाली होती तसंच. अंगात वारं.

मागून कळलं, तो खाली गेला तेव्हा फोरमन पाणी प्यायला उठला होता. दादाला जागेवर कुणी दिसलं नाही. कुणी नाही म्हणजे कुणी पट्टा चालू करणार नाही, असं समजून तो तसाच वर चढला. वरच्या टोकाचा स्विच पट्ट्याखाली आतल्या अंगाला होता. दादा पट्ट्यावर पालथा झोपला, डोकं हौदाकडे, दोन्ही हात कोपरापर्यंत खाली घालून.

मी दिव्याकडे बघत होते. हिरवा. स्थिर.

इतका स्थिर की मला बरं वाटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं.

इथे दिवा स्थिर, म्हणजे खाली फोरमनसमोरही...

भोंगा वाजला.

मी किंचाळले. भोंग्यात माझा मलाच आवाज ऐकू आला नाही. हौदाची पाती घरघरली आणि खिडकीतून मला दिसलं... पट्टा हलला. दादाचे पाय ताठ झाले. त्याचे हात खाली अडकले होते. तो हौदाकडे सरकत होता.

मी मेन स्विचकडे झेपावले.

माझा हात पोचलाच नव्हता.

सगळं थांबलं.

आधी पट्टा, मग घरघरत पाती. एकदम शांतता. माझा हात अजून हवेत होता.

मी वळून कार्डाकडे पाहिलं. दोरीचा दिवा विझलेला होता.

जंपर जागेवर होता. मी ओढून पाहिला, घट्ट. मीटरवर आकडा स्पष्ट होता, चोवीस. वीज पोचत होती. शेजारचे दिवे लागलेले होते.

आणि तो दिवा नव्हता.

मी मेन स्विच खाली ओढला. सगळा कारखाना मेला. मग खिडकीशी धावले.

दादा कसाबसा मागे सरकत होता. डोकं हौदाच्या काठाच्या पलीकडे गेलेलं होतं. पण मी त्याच्याकडे बघत नव्हते.

मी दोरीकडे बघत होते.

पट्ट्याच्या मधोमध, जिथे कोणीही नव्हतं, तिथे दोरी खाली ताणलेली होती. टोकदार. मुठीत धरून अंगाचा सगळा भार टाकावा तशी.

आणि तिला झटके बसत होते.

एक... मग जरा थांबून दुसरा... मग तिसरा...

दादा जिना उतरून खाली येईपर्यंत ते चालू होतं. मग दोरी सैल झाली.

दादाचे दोन्ही हात सोलवटले होते. फोरमन धावत आला, पांढराफटक.

"मला वाटलं तुम्ही खोलीत आहात! दिवा लागला म्हणून मी..."

"तू बंद केलंस?" दादाने मला विचारलं.

"नाही."

"फोरमनसाहेब, तुम्ही?"

"माझा हात पोचलाच नाही हो."

मी दोरीबद्दल सांगितलं. फोरमनने वळून पट्ट्याकडे पाहिलं. त्याने मला विचारलं, "मधोमध ना? खांबाच्या जवळ?"

मी मान हलवली.

"तिथंच उभ्या राहायच्या मावशी," तो म्हणाला. तोफेचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "रद्दी निवडायच्या. बाही गठ्ठ्याच्या तारेत अडकली. पट्ट्याबरोबर वर गेल्या. दोरी ओढत होत्या, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पट्टा थांबेचना. तुटलेल्या दोरीचा तुकडा शेवटपर्यंत मुठीत होता."

सकाळचा तो जंपर आम्हा तिघांच्याही डोळ्यांपुढे होता.

"आणि नंतरही कोणी तो काढला नाही?" दादाने विचारलं.



आम्ही कार्डावरचा आमचा जंपर काढला, हत्यारं गोळा केली आणि निघालो. जवळजवळ पळालोच म्हणा.

परत येताना गाडी मी चालवली. दादाच्या हातांना फडकी गुंडाळली होती. तो बाहेर बघत होता. मग म्हणाला,

"तुझ्या वहिनीला काही सांगू नकोस."

"नाही सांगत."

"पट्टा हलला ना... तेव्हा माझ्या कानाशी कुणीतरी होतं."

मी गाडीचा वेग कमी केला.

"बाई होती. ओरडत नव्हती गं. दमली होती खूप. धापा टाकत नुसतं म्हणत होती... ओढतेय... ओढतेय मी..."

त्यानंतर दादाने हा विषय आयुष्यात काढला नाही.

काम मात्र त्याने पुरं केलं. नवा स्विच, नवी दोरी. पुढे कामाच्या दिवशी तो दिवा कधी उगाच विझला नाही. दादा म्हातारा होऊन, वहिनीच्या शेजारी, झोपेत गेला. त्या बाईने त्याला तेवढं आयुष्य दिलं, असं मी मानते.

मग मी अस्वस्थ का, असं तुम्ही विचाराल.

बऱ्याच वर्षांनी फोरमन मला एका दवाखान्यात भेटला. निवृत्त झाला होता, आवाज पार बसला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो घुटमळला.

"ताई, एक सांगू? रविवारी पट्टा बंद असायचा. माणूस नसायचं. मी कधी पॅनलरूममध्ये डोकावलो की दुपारी तो दिवा विझायचा... लागायचा... विझायचा."

"पट्टा बंद असताना?"

"बंद असतानाच."

आता तो कारखानाही राहिला नाही. पट्टा भंगारात गेला, हौद बुजवला. तिथे मोकळं मैदान आहे म्हणतात.

पण दुपारी घर शांत झालं की माझ्या मनात तेच येतं. त्या दिवशी आम्ही तिघं तिथे होतो. दोरी हलताना मी पाहत होते. ती ओढत होती, आणि पट्टा थांबला होता. तिच्यामुळेच थांबला होता.

आणि आम्ही घाबरून निघून आलो. "मावशी, थांबला पट्टा, सोडा आता," एवढं तिला सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.