दक्षाबेनचं कपाट

सुरजला एक खोड होती, नको तिथे पहिलं तोंड उघडायची. त्या सकाळीही डहाणू रोडच्या ऑफिसात पाऊल टाकताच तो म्हणाला, “दक्षाबेन, तुमच्या कपाटाखाली पाणी साचलंय.”

हर्षदा भिंतीला टेकून खाली बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

“ते कपाट कालपासून माझं आहे,” ती म्हणाली.

मुकेशभाईंनी आपल्या दुकानावरचा माळा रंगवून तिथे तीन टेबलं आणि तीन लोखंडी कपाटं टाकली होती. अख्खं ऑफिस ज्याला परवडत नाही त्याने एक टेबल भाड्याने घ्यावं. पंखा, बेसिन, पाण्याचा बाटला सगळ्यांत मिळून. एका टेबलावर हर्षदा चिकूचे चिप्स विकायची, दुसऱ्यावर दक्षाबेन खाखरे आणि पापड. तिसरं टेबल खासगी गुप्तहेर जयश्री बारी हिचं. सुरज तिचा मदतनीस. निदान त्याचा तसा समज होता.

जयश्रीने कपाट उघडलं. चिप्सच्या कागदी पिशव्यांचा लगदा झाला होता. समुद्रावरच्या एका रिसॉर्टचा माणूस आज माल निवडायला येणार होता. प्रत्येक खोलीत एकाच कुणाचा तरी खाऊ ठेवायचा होता, हर्षदाचा नाहीतर दक्षाबेनचा. ही ऑर्डर गेली तर टेबल सोडून घरी बसायचं, असं हर्षदाने घरी आणि इथेही सांगून टाकलं होतं.

“कुलूप?” जयश्रीने विचारलं.

“लावलेलं होतं,” हर्षदा म्हणाली. “किल्ली टेबलाखालच्या खिळ्याला, नेहमीसारखी.”

“माझी तर बाई, कमरेलाच असते,” दक्षाबेन पुटपुटल्या.

जयश्री स्टुलावर चढली. कपाटाच्या वरच्या हवेच्या जाळीतून अजून थेंब ओघळत होते. पाण्याचा बाटला रिकामा होता. ऑफिसच्या दाराचं कुलूप शाबूत होतं.

“सुरज आणि मी काल वलसाडला होतो. हर्षदा, काय काय झालं ते सांग.”

“खिडकीतलं ऊन माझ्या कपाटावर येतं, चिप्स खराब होतात. दुपारी दक्षाबेन म्हणाल्या, तू माझं टेबल-कपाट घे. मुकेशभाईंनीच सामान हलवलं. मग सगळा माल कपाटात लावून मी घाईने घरी पळाले. बेसिनपाशी पालथा घातलेला जेवणाचा डबासुद्धा विसरले.”

सुरजने दक्षाबेनकडे रोखून पाहिलं. स्वतःहून कपाट देणारी प्रतिस्पर्धी! “इतकं प्रेम कशाला, बेन?”

“पापडाला ऊन लागलं तर बिघडते काय?” दक्षाबेनचे डोळे भरले. “पोरीचा माल खराब होतो ते बघवत नव्हतं.”

सुरजची नजर आता आपल्याकडे वळलेली पाहून मुकेशभाई कपाळ पुसत म्हणाले, “जयश्रीबेन, मला जागा खाली करून जोईती असेल तर सरळ सांगेन ने. संध्याकाळी दार बंद करून मी घरी गेलो. दाराची चावी तो सगळ्यांकडे एक एक छे.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हर्षदाचे वडील चिमणकाका तिचा डबा घेऊन आले. आशागडहून ते रोज यायचे. लेकीचं डहाणूत ऑफिस आहे, हे त्यांनी सगळ्या पाड्याला सांगून ठेवलं होतं. त्यांनी भिंतीपाशी साचलेलं पाणी पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

“पोरी, तू कशाला रडतेस?” असं म्हणत त्यांनी डबा खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला.

“बाबा, माझा माल गेला.”

काका मटकन स्टुलावर बसले.

“काल कुठे होतात, काका?” जयश्रीने विचारलं.

“तलासरीला, भाचीच्या साखरपुड्याला. तिथून थेट घरी गेलो, बाय. इकडे फिरकलो नाय.”

“डब्यावर हर्षदाचं नाव छान कोरलंय. असे किती आहेत घरी?”

“एकच. मीच कोरून घेतलाय.”

माल गेला आणि बाई डब्यांची चौकशी करतात, सुरज मनात म्हणाला. जयश्रीने मात्र खुर्ची ओढली आणि ती हळू आवाजात बोलू लागली.

“हर्षदाचा माल नासवायचा असता तर किल्ली खिळ्याला होती. जाळीतून पाणी ओतायची गरज कुणाला? या कपाटाची किल्ली दक्षाबेनच्या कमरेला आहे असं समजणाऱ्याला. हा घाव दक्षाबेनवर होता.”

दक्षाबेननी तोंडाला पदर लावला.

“अदलाबदल तुम्हा तिघांना ठाऊक होती. काल जे इथे नव्हते त्यांना नव्हती. सुरज सकाळी आल्या आल्या दक्षाबेनचं कपाट म्हणाला, तेव्हाच मला हे कळलं.”

चुकीबद्दल शाबासकी मिळायची सुरजची ही पहिलीच वेळ. तरी त्याला आनंद झाला नाही, कारण जयश्री आता काकांकडे वळली होती.

“काका, तुम्हीही डबा जुन्याच टेबलावर ठेवलात. पाणी दिसत असताना लेकीला विचारलंत, तू कशाला रडतेस. आणि काल बेसिनपाशी राहिलेला डबा आज भाकरी घेऊन आला. हर्षदाची दाराची किल्ली तुमच्याकडे असते ना?”

सुरजला वाटलं, काका आता ओरडतील, शपथ घेतील. काकांनी फक्त मान खाली घातली.

“तलासरीहून उतरलो, म्हटलं तुला घेऊन घरी जावं. दार उघडलं तर तू गेलेलीस. डबा दिसला, तो घेतला. आणि बेनचं कपाट दिसलं.” त्यांनी लेकीकडे वळून पाहिलं. “तुझं टेबल जाऊ नये, एवढंच होतं मनात.”

“बाबा, बेननी कपाट दिलं हे मी रात्री सांगणार होते,” हर्षदा म्हणाली. “तुम्ही न जेवता झोपलात.”

आयुष्यात पहिल्यांदा सुरजला काही बोलावंसं वाटलं नाही.

रिसॉर्टचा माणूस आला तेव्हा हर्षदा तोंड धुऊन उभी होती. “माझा माल आज नाही,” तिने सांगितलं. “दक्षाबेनचे खाखरे बघा. आमच्याकडे याहून चांगले नाहीत.”

दक्षाबेन पदराने डोळे पुसत राहिल्या, पुडा सुरजनेच फोडून दिला.

हर्षदा वडिलांसमोर गेली आणि तिने हात पुढे केला. काकांना वाटलं, डबा मागते आहे. त्यांनी घाईने तो उचलला.

“किल्ली, बाबा,” ती म्हणाली.